घरच्या मॅशिंगसाठी थर्मामीटर कोणता घ्यावा : जळगावात पारखलेली चार साधने

पेनासारखा, लांब स्टीलच्या दांडीचा डिजिटल थर्मामीटर आणि वायरच्या टोकाला सेन्सर असलेला, फ्रिज आपोआप चालू-बंद करणारा साधा तापमान-नियंत्रक, एवढ्या दोन वस्तूंवर घरगुती ब्रुइंगमधले, म्हणजे धान्यापासून बिअर करण्यातले, तापमानाचे काम उत्तम भागते, असे मत ही साधने तिन्ही ऋतूंत वापरल्यावर माझे झाले आहे. पहिली वस्तू जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये अडीचशे रुपयांच्या आत मिळाली, दुसरी हजाराच्या आत. लाल द्रवाची काचेची नळी आणि दुरून मोजणारी इन्फ्रारेड गन ही आणखी दोन साधनेही मी त्याच पातेल्यावर वापरून पाहिली. त्यांपैकी नळी मी तपासणीसाठी ठेवून घेतली आहे. गन या कामासाठी कोणी घेऊ नये. मात्र यातले कोणतेही साधन खोक्यातून काढले आणि सरळ पातेल्यात बुडवले, असे करून चालत नाही. ते आधी तपासावे लागते, आणि तपासल्यावरही त्याचे टोक नेमके कुठे आहे याकडे लक्ष द्यावे लागते. या परीक्षणाचा मोठा भाग मी या दोन गोष्टींना दिला आहे, कारण विकणारे त्यांच्याविषयी काही सांगत नाहीत आणि चव बिघडते ती तिथेच.

एक गोष्ट आधी स्पष्ट केलेली बरी. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि घरच्यापुरती केलेली बिअरही त्यात येते. त्यामुळे माझ्या स्वयंपाकघरातले काम मॅशिंगपाशी थांबते, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, ज्याला माल्ट म्हणतात, ते भरडून, गरम पाण्यात तासभर ठेवून त्याचा गोड अर्क काढण्यापाशी. तो अर्क उकळून, गार करून आम्ही घरातली माणसे सरबतासारखा त्याच दिवशी पितो. त्यात यीस्ट पडत नाही. पुढचा किण्वनाचा, म्हणजे यीस्ट घालून अर्क आंबवण्याचा भाग माझ्या मामेभावाकडे आहे. तो इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो आणि तिथे १९६३ पासून स्वतःच्या पिण्यापुरती बिअर घरी करण्यासाठी परवाना लागत नाही. मॅशिंगविषयी जे लिहिले आहे ते माझे निरीक्षण, किण्वनाविषयी बरेचसे त्याचे; तापमान-नियंत्रकाची चाचणी मात्र मी जळगावातच, जुन्या फ्रिजमध्ये पाण्याने भरलेला २० लिटरचा जार ठेवून घेतली. सगळी तापमाने सेल्सिअसमध्ये दिली आहेत.

एका-दोन अंशांनी एवढे काय बिघडते, असा प्रश्न मला घरातच अनेकदा विचारला गेला. मोड आलेल्या धान्यात स्टार्चचे साखरेत रूपांतर करणारी दोन मुख्य एन्झाइम्स असतात. त्यांपैकी बीटा-अमायलेज साधारण ६० ते ६५ अंशांत चांगले काम करते आणि यीस्टला सहज पचणारी साखर तयार करते. अल्फा-अमायलेजला ६८ ते ७२ अंश मानवतात आणि ते स्टार्चच्या लांब साखळ्या मधूनच तोडत असल्यामुळे यीस्टला न पचणारे तुकडेही भरपूर मागे उरतात. म्हणून तेच धान्य, तेच पाणी आणि तोच वेळ असूनही ६३ अंशांवर केलेल्या मॅशपासून हलकी, कोरडी बिअर होते आणि ६९ अंशांवर केलेल्या मॅशपासून दाट, गोडसर. आणखी वर गेलो तर बीटा-अमायलेज काही मिनिटांत निकामी होते आणि नंतर पाणी कितीही गार केले तरी ते परत येत नाही. मॅशनंतर धान्यात उरलेला गोडवा काढण्यासाठी ते धुऊन घेण्याचे पाणी ७८ अंशांच्या वर गेले तर टरफलांतला तुरटपणा अर्कात उतरण्याचा धोका वाढतो. सगळा खेळ दहा-पंधरा अंशांच्या पट्ट्यात चालतो आणि त्यातल्या सहा अंशांत पेयाचा स्वभाव बदलतो, हे लक्षात घेतले की तीन अंशांनी चुकणारा थर्मामीटर इथे निरुपयोगी का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्याकडच्या धान्यात हा पट्टा आणखी अवघड होतो. मी जवाच्या माल्टबरोबर दादर ज्वारीचा माल्ट वापरतो, कारण तापीकाठची दादर आमच्याकडे सहज मिळते आणि तिची चव मला जवापेक्षा अधिक जवळची वाटते. अडचण अशी आहे की जवाचा स्टार्च ज्या तापमानाला फुगून मऊ होतो, त्याच तापमानाला त्यातली एन्झाइम्स जागी असतात. ज्वारीचा स्टार्च मात्र साधारण ७० अंशांच्या पुढेच नीट मऊ होतो आणि तोपर्यंत एन्झाइम्सचा निकाल लागलेला असतो. शिवाय ज्वारीच्या माल्टमध्ये बीटा-अमायलेज मुळातच कमी असते. यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे भरडलेला माल्ट आधी ४५ ते ५० अंशांच्या पाण्यात ठेवायचा, वर आलेले एन्झाइमयुक्त निवळ पाणी बाजूला काढायचे, खालचा गाळ उकळून शिजवायचा, तो ६५ अंशांच्या थोडा वर येईपर्यंत थांबायचे आणि मग बाजूला काढलेले पाणी त्यात परत ओतायचे. नायजेरियाने १९८८ मध्ये जवाच्या माल्टची आयात बंद केल्यावर तिथल्या मोठ्या कारखान्यांनाही ज्वारीकडे वळावे लागले होते, तेव्हा हे धान्य ब्रुइंगला कमी प्रतीचे आहे असे कोणी समजू नये. फक्त ते तापमानाची बेफिकिरी खपवून घेत नाही. ज्वारीला घरी मोड आणणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच देतो : मोडांमध्ये आणि मुळांमध्ये सायनाइड तयार करणारे द्रव्य असते, म्हणून धान्य पूर्ण वाळवून, हातावर चोळून मोड आणि मुळे काढून टाकावीत आणि धान्य पाखडून मगच भरडावे.

आता साधनांकडे वळतो. पेनासारखा डिजिटल थर्मामीटर हा दिसायला अगदी साधा असतो : बारीक स्टीलची दांडी, वर प्लास्टिकचा भाग, त्यात छोटा पडदा, तीन-चार बटणे आणि घड्याळात किंवा खेळण्यात बसते तशी बटण बॅटरी. वेष्टनावर उणे ५० ते ३०० अंश असा भव्य पल्ला छापलेला असतो, त्यातले आपल्या कामाचे फक्त ० ते १०० आहेत. अचूकता अधिक-उणे १ अंश अशी लिहिलेली असते आणि पडद्यावर मात्र दशांश दिसतो. हा दशांश पाहून हुरळून जाऊ नये. ६५.३ असा अंक दिसला याचा अर्थ पाणी ६५.३ अंशांवर आहे असा होत नाही, ते ६४.३ ते ६६.३ यांच्या मध्ये कुठेतरी आहे, एवढाच दावा बनवणाऱ्याने केलेला असतो. दशांशाचा खरा उपयोग तापमान वर चालले आहे की खाली, हे लवकर कळण्यासाठी होतो आणि त्यासाठी तो फार चांगला आहे.

या थर्मामीटरचे खरे दुखणे दांडी आणि प्लास्टिक जुळतात त्या सांध्यावर आहे. उकळत्या पातेल्यावर धरला की वाफ तिथून आत शिरते आणि मग अंक उड्या मारू लागतात किंवा पडदा धुरकट होतो. माझ्याकडच्या एका नगाने पावसाळ्यात असेच केले. बॅटरी काढून तो दोन दिवस कोरड्या तांदळात ठेवल्यावर पुन्हा चालू झाला, पण त्यानंतर तो बर्फात आधीपेक्षा सव्वा अंश जास्त दाखवू लागला. म्हणजे बंद पडलेले साधन परवडते, कारण ते बंद असल्याचे दिसते. बिघडूनही चालू राहिलेले साधन निमूटपणे चुकीचा अंक दाखवत राहते. सांध्याभोवती खाद्यपदार्थांना चालणाऱ्या सिलिकॉनचा पातळ थर लावला आणि दांडी दोन तृतीयांशापेक्षा जास्त बुडवली नाही, तर हा त्रास बराच टळतो. दुसरी उणीव म्हणजे साधारण दहा मिनिटांनी तो आपोआप बंद होतो, त्यामुळे तासभराच्या मॅशमध्ये पुन्हा पुन्हा बटण दाबावे लागते. अंक स्थिरावायला दहा-पंधरा सेकंद लागतात, तेवढा वेळ वाफेवर हात धरावा लागतो. यासाठी मी बांबूच्या चिमट्यात थर्मामीटर धरतो. या किमतीत यापेक्षा अधिक मागू नये.

तपासणीविषयी सविस्तर लिहितो, कारण या परीक्षणातला हाच भाग वाचणाऱ्यांच्या सर्वांत उपयोगी पडेल. शून्य अंशाची तपासणी करण्यासाठी बर्फाचे नुसते चार खडे पाण्यात टाकून भागत नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून लाटण्याने बारीक करावा, स्टीलचा उंच पेला त्याने काठोकाठ भरावा आणि मग फटी भरतील एवढेच गार पाणी ओतावे. पाणी जास्त झाले की बर्फ वर तरंगतो आणि तळाशी चार अंशांचे पाणी साठते, कारण पाणी चार अंशांना सर्वांत जड असते. दांडीचे टोक पेल्याच्या मधोमध, तळापासून आणि कडेपासून दोन बोटे दूर ठेवून हलकेच ढवळत राहावे. अंक भराभर खाली येतो, दोनच्या आसपास रेंगाळतो, मग एकाच्या खाली उतरतो आणि शेवटी एका जागी थांबतो. तो मिनिटभर जिथे थांबला ती त्या थर्मामीटरची शून्यावरची चूक. माझ्याकडचे नवे साधन ०.६ वर थांबले, म्हणजे ते शून्यापाशी ०.६ अंश जास्त दाखवते, असे मी चिकटपट्टीवर लिहून त्याच्याच पाठीवर लावले आहे.

उकळत्या पाण्याच्या तपासणीत मात्र अनेक जण फसतात, कारण पाणी १०० अंशांना उकळते हे शाळेतले वाक्य समुद्रसपाटीचे आहे. उंची साधारण ३०० मीटरने वाढली की उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०९ मीटर उंचीवर आहे, म्हणजे इथे पाणी ९९.३ अंशांच्या आसपास उकळते. पावसाळ्यात हवेचा दाब उतरलेला असतो तेव्हा ते ९९ पर्यंतही येते. तोरणमाळला, जिथली उंची ११०० मीटरच्या वर आहे, ते ९६ च्या जवळपास उकळेल. धुळ्यात किंवा भुसावळात राहणाऱ्याने उकळत्या पाण्यात ९९.३ दिसले म्हणून थर्मामीटरला दोष देऊ नये आणि बरोब्बर १०० दिसले तर समाधान मानू नये. टोक तळाला टेकवू नये, पाणी खळखळून उकळू द्यावे आणि हात वाफेपासून जपावा.

शून्य आणि नव्व्याण्णव या दोन टोकांच्या मधला भाग उरतो. त्यासाठी घरातलाच ताप मोजण्याचा डिजिटल थर्मामीटर कामाला येतो. तो फक्त ३२ ते ४२ अंशांच्या आसपासच मोजतो, पण तेवढ्या पट्ट्यात त्याची अचूकता साधारणपणे ०.१ अंशाची असते आणि अडीचशे रुपयांच्या कोणत्याही स्वयंपाकघरी थर्मामीटरला ती जमत नाही. मोठ्या पातेल्यात ३८-३९ अंशांचे पाणी घेऊन, दोघांची टोके दोऱ्याने एकत्र बांधून, ढवळत ढवळत दोन्ही अंक एकाच वेळी वाचावेत. शून्य, ३९ आणि ९९ अशा तीन ठिकाणच्या चुका हाती आल्या की ६५ ची चूक अंदाजाने काढता येते. माझ्या नव्या साधनाची चूक बर्फात ०.६, कोमट पाण्यात ०.५ आणि उकळत्या पाण्यात ०.२ निघाली; म्हणून मॅशच्या वेळी मी अंकातून ०.४ वजा करतो. एवढ्या किमतीच्या वस्तूकडून हा निकाल मला फारच चांगला वाटला. याच मार्केटमधून आणलेला, दिसायला हुबेहूब असा दुसरा नग उकळत्या पाण्यात पावणेतीन अंशांनी चुकत होता, तेव्हा साच्यावर आणि रंगावर काही ठरत नाही. हाती आलेला प्रत्येक नग वेगळा तपासावा.

तापमान इतक्या काटेकोरपणे मोजण्याची ही हौस ब्रुइंगच्या धंद्याला नवी नाही. ज्याचे नाव ऊर्जेच्या एककाला मिळाले तो जेम्स प्रेस्कॉट ज्यूल हा मॅंचेस्टरजवळच्या सॅलफर्डमधल्या ब्रुअरचा मुलगा होता आणि स्वतः घरच्या धंद्यात काम करत होता. पाणी ढवळल्यावर ते किती तापते हे दाखवताना त्याने फॅरनहाइटच्या एका अंशाच्या दोनशेव्या भागापर्यंत वाचन केल्याचा दावा केला, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांना तो खरा वाटेना. ज्या घरात पिढीजात थर्मामीटरवर पोट चालत होते, तिथल्या माणसाला ही नजर आली यात मला मोठे नवल वाटत नाही.

साधन तपासून झाले तरी ते बुडवायचे कुठे, हा प्रश्न उरतो. गॅसवर असलेल्या दहा लिटरच्या पातेल्यात तळाशी, मध्ये आणि वरच्या कडेला तीन वेगळी तापमाने असतात; भरडलेले धान्य दाट असल्यामुळे ती आपोआप एकमेकांत मिसळत नाहीत. ज्योत चालू असताना मला तळाजवळ ७१ आणि वरच्या कडेशी ६३ असे अंक मिळाले आहेत, आणि दोन्ही खरे होते. कोणताही महागडा थर्मामीटर ही अडचण सोडवू शकत नाही. लाकडी उलथन्याने तळापासून वर आणत मिनिटभर ढवळावे, मग मध्ये आणि दोन कडांना मोजावे आणि तिन्ही अंक एका अंशाच्या आत येईपर्यंत ढवळत राहावे. याहून चांगला मार्ग म्हणजे मॅश गॅसवर ठेवूच नये. लग्नकार्यात थंड पाण्याच्या बाटल्या ठेवायला वापरतात तसल्या जाड भिंतीच्या आइस बॉक्समध्ये योग्य तापमानाचे पाणी आणि धान्य मिसळून झाकण लावले, तर जळगावच्या उन्हाळ्यात तासाभरात तापमान अर्ध्या-एका अंशापेक्षा जास्त उतरत नाही. आपल्याकडच्या उकाड्याचा ब्रुइंगला झालेला हा एकमेव फायदा म्हणायला हरकत नाही.

त्यासाठी पाणी किती तापवायचे याचे गणित असते आणि त्यात धान्याचे स्वतःचे तापमान धरावे लागते. किलोमागे ३ लिटर पाणी घेतले आणि मॅश ६६ वर हवा असेल, तर १८ अंशांच्या धान्याला पाणी साधारण ७२.५ अंश लागते. लीड्सच्या स्वयंपाकघरासाठी हा आकडा बरोबर आहे. मे महिन्यात आमच्या घरातला धान्याचा डबाच ३८ अंशांवर असतो. तेव्हा पाणी ७० अंशांचे पुरते. परदेशी कृतीतला आकडा तसाच उचलला तर मॅश दोन अंशांहून जास्त वर जातो. यासाठी धान्य ओतण्यापूर्वी थर्मामीटरचे टोक आधी धान्याच्या डब्यात खुपसून पाहावे. मामेभावाला मी हे कळवले तेव्हा त्याने उलट कळवले, "दादा, मी इथे धान्य आदल्या रात्री हीटरजवळ आणून ठेवतो, तुझ्यासारखे नशीब माझे नाही."

लाल द्रवाची काचेची नळी प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळते आणि तिला बॅटरी लागत नाही, हा मोठा गुण. ती एकदा तपासली की पुढे सहसा बदलत नाही. म्हणून डिजिटल साधनावर संशय आला की पडताळा पाहायला ती घरात असावी. पण नळीवर कोरलेली एक आडवी रेघ असते आणि तितकीच नळी बुडवून वाचन करायचे असते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. प्रवासात किंवा आडवी पडून राहिल्यास द्रवाचा धागा मध्येच तुटतो आणि मग अंक सरळ खोटा येतो. धागा तुटलेला नाही हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी पाहून घ्यावे. काच धान्यात फुटली तर सगळा मॅश टाकून द्यावा, गाळून घेण्याचा मोह धरू नये. पाऱ्याची नळी तर खाण्यापिण्याच्या वस्तूंजवळ आणूच नये.

इन्फ्रारेड गनविषयी थोडक्यातच लिहितो. ती फक्त पृष्ठभाग मोजते. मॅशचा पृष्ठभाग बाष्पीभवनाने सतत गार होत असतो, त्यामुळे आतल्या तापमानापेक्षा ती कितीतरी अंश कमी दाखवते. चकचकीत स्टीलकडे रोखली तर स्टीलच्या ऐवजी त्यात पडलेले छताचे आणि आपले प्रतिबिंबच मोजते. मध्ये वाफ आली तर वाफ मोजते. करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या, कपाळावर धरायच्या गन तर ४२-४३ अंशांच्या पुढे जातच नाहीत.

तापमान-नियंत्रकाचा विषय किण्वनाशी जोडलेला आहे. एल जातीच्या बिअरला साधारण १८ ते २२ अंश लागतात, लागरला ८ ते १३. तापमान त्यापेक्षा बरेच वर गेले तर यीस्ट घाईने काम करते आणि फळांच्या उग्र वासाची द्रव्ये, तसेच डोके चढवणारी जड अल्कोहोल्स तयार होतात. नॉर्वेतल्या क्वेइक या पारंपरिक यीस्टला ३० ते ४० अंश मानवतात, पण तो अपवाद. शिवाय किण्वनातून उष्णता बाहेर पडत असल्यामुळे जोर चढलेला असताना भांड्याच्या आतले तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी जास्त असू शकते. म्हणजे भिंतीवरचा थर्मामीटर २० दाखवत असताना यीस्ट २४ अंशांत काम करत असते.

हे वाक्य रावेर, सावदा, फैजपूर भागातल्या कोणत्याही केळीवाल्याला समजावून सांगावे लागणार नाही. तिथल्या केळी पिकवण्याच्या चेंबरमध्ये इथिलीन देऊन केळी साधारण १६ ते १८ अंशांत पिकवतात, आणि पिकणारे फळ श्वसनातून उष्णता सोडत असल्यामुळे गर हवेपेक्षा गरम राहतो. म्हणून जाणता माणूस चेंबरच्या दारावरच्या अंकावर विसंबत नाही. तो पेटीतले एक केळे काढून त्याच्या गरात थर्मामीटरची दांडी खुपसतो. माझ्या जुन्या फ्रिजला नियंत्रक जोडून देणारा मेकॅनिक अशा चेंबरचीच कामे करतो. मी सेन्सर फ्रिजच्या मध्ये लोंबता ठेवायला सांगितला, तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, हवेत टांगला तर हवाच मोजंल तो. माल मोजायचा ना तुम्हाला?" आणि त्याने सेन्सर जारच्या पोटाला, पाण्याच्या पातळीच्या निम्म्यावर, चिकटपट्टीने घट्ट बसवून वर थर्माकोलचा तुकडा लावला.

त्याचे म्हणणे मी दोन्ही प्रकारे पडताळून पाहिले. सेन्सर हवेत असताना दार उघडले की लगेच कॉम्प्रेसर सुरू व्हायचा, हवा भराभर गार होऊन तो बंद व्हायचा आणि हे सतत चालायचे. सेन्सर जारला लावल्यावर कॉम्प्रेसर क्वचित आणि जास्त वेळ चालू लागला, आणि बाहेर ४४ अंशांचे ऊन असतानाही जारमधले पाणी १९ च्या आगेमागे एका अंशाच्या आत राहिले. पाण्याच्या आत दांडी बुडवून घेतलेले वाचन आणि बाहेरून लावलेल्या सेन्सरचा अंक यांत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक मला कधी दिसला नाही. मामेभाऊ हीच रचना वापरतो. फक्त त्याच्याकडे फ्रिजच्या जोडीला गरम करणारा पट्टाही लागतो.

मी वापरलेला नियंत्रक एसटीसी-१००० या नावाने सर्वत्र मिळणाऱ्या जातीचा आहे. त्यात चारच गोष्टी ठरवायच्या असतात : हवे असलेले तापमान, किती फरक पडल्यावर चालू व्हायचे तो फरक, कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्यापूर्वीचा थांबा आणि सेन्सरची दुरुस्ती. फरक ०.५ आणि थांबा ५ मिनिटे ठेवावा. थांबा कमी केला तर कॉम्प्रेसर जळण्याची भीती असते. चौथी सोय मला सर्वांत मोलाची वाटते, कारण बर्फाच्या पेल्यात सेन्सर धरून जेवढी चूक निघेल तेवढी यंत्रालाच सांगून ठेवता येते आणि मग पडद्यावर दुरुस्त अंकच दिसतो. पेनाच्या थर्मामीटरमध्ये ही सोय नसते. वीज गेली आणि परत आली तरी ठरवलेले आकडे पुसले जात नाहीत आणि थांबाही पाळला जातो. मे महिन्यात वीज किती वेळा जाते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना याचे महत्त्व कळेल. दोष सांगायचा तर हे यंत्र उघड्या स्क्रूंसह येते आणि त्यात २३० व्होल्ट खेळत असतात. ते बंद प्लास्टिकच्या डब्यात बसवून, अर्थिंगसह, वायरमनकडूनच जोडून घ्यावे. ज्यांना ही यातायात नको, त्यांनी तयार प्लग आणि सॉकेट असलेला नियंत्रक घ्यावा. त्याला दोन-तीन पट पैसे पडतात आणि ते वाजवी आहेत.

ज्यांना हाताने काही जोडण्याची आवड आहे, त्यांच्यासाठी डीएस१८बी२० हा जलरोधक स्टीलच्या टोपीतला सेन्सर आणखी एक पर्याय आहे. उणे १० ते ८५ अंशांत त्याची अचूकता अधिक-उणे ०.५ अंश इतकी दिलेली आहे, म्हणजे मॅश आणि किण्वन दोन्ही त्यात बसतात, आणि एकाच वायरवर अनेक सेन्सर जोडता येत असल्यामुळे आइस बॉक्सच्या तळाचे, मधले आणि वरचे तापमान एकाच वेळी पाहता येते. पण बाजारात त्याचे नकली नग पुष्कळ आहेत, म्हणून त्यालाही बर्फाचा पेला चुकत नाही.

एकच वस्तू घेण्याची ऐपत असेल तर पेनासारखा थर्मामीटर घ्यावा, आणि शक्य असल्यास दोन घ्यावेत, कारण दोघांचे अंक वेगळे आले तर निदान एक बिघडला आहे एवढे तरी लगेच कळते. दुकानातच दोन-तीन नग शेजारी ठेवून, एकाच पाण्याच्या पेल्यात बुडवून पाहू द्याल का, असे विचारावे. माझ्या अनुभवात दुकानदार नाही म्हणत नाहीत. तिघांत एक वेगळा दाखवत असेल तर तो बाजूला ठेवावा. सोबत मिळणारी बॅटरी बहुधा जुनी असते, ती तिथेच बदलून घ्यावी आणि बर्फाची तपासणी नव्या बॅटरीवरच करावी. नंतर दर मोसमाच्या सुरुवातीला, आणि थर्मामीटर हातातून पडला तर त्याच दिवशी, ती पुन्हा करावी आणि पाठीवरच्या चिकटपट्टीवरचा आकडा तारखेसह बदलावा.